बंडू, जरा थांबतोस का?

माझं कोणी ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊकच आहे. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवून माझीही तशी खात्री झाली होती. मी अंगणात बंडूला, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, थांबायला शिकवू लागलो, की शेजारचे निवृत्त सुभेदार कुंपणापलीकडून हसायचे. मी म्हणायचो, "बंडू, जरा थांबतोस का?"

"आवं सर, विनंती कसली करताय? हुकूम द्या. न्हाईतर एक दिवस जाईल रस्त्यावर."

आणि ते गेलंच. उंब्रजला आमचं घर अगदी रस्त्याला लागून. फाटक माझ्याच हातून उघडं राहिलं आणि समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला. सुभेदार गरजले, "थांब!" दोन सायकलवाले जागीच थांबले. पिल्लू मात्र पळतच होतं. माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "बंडू, जरा थांबतोस का?"

ते थांबलं. रस्त्याच्या अगदी कडेला, एक पाय उचललेला, मान माझ्याकडे वळवलेली. दोन्ही ट्रॉल्या निघून गेल्या, तरी हललं नाही.

मी बघतच राहिलो. सुभेदार हळूच म्हणाले, "सर, आता माघारी यायची विनंती करा."