भोंगा गायचा

—हात जरा वर. हं, एवढेच. आणि हलू नका बाई, काखेत टाचणी आहे. छे हो, उशीर कसला, तुम्हीच आलात ना चौकशीला, काल स्पॅनिशच्या क्लासला का आले नाही म्हणून— मग आता आलाच आहात तर एवढा ड्रेस अंगावर चढवून उभ्या राहा. सूनबाई तुमच्याच चणीची आहे. खांदे तेच, उंची— सँडल काढलीत ना? मग उंचीही तीच. उद्या सकाळी विमानातून उतरेल, दुपारी इथे, याच आरशासमोर. मी तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलीच नाही हो, नुसत्या फोटोंवरून बेतलाय. म्हणून सगळा कच्चा टाका, आणि आत माया भरपूर सोडलीय, कमीजास्त झालं तर उसवता येईल.

पिवळा? हो, रंग मुलानंच सांगितला. म्हणाला, आई, तिला पिवळा आवडतो, पण लिंबासारखा नको, जरा गडद बघ. वळा थोड्या. असं. आणि अभ्यास म्हणाल तर तो चुकलेला नाही माझा— म्हणून दाखवू? कांताबा, कांताबास, कांताबा, कांताबामोस, कांताबाइस, कांताबान. बघा! मशीनच्या पॅडलवर पाय मारत पाठ केलंय. मी गायचे, तू गायचास, तो गायचा, आम्ही गायचो, तुम्ही गायचात, ते गायचे. सगळा वर्ग पुढे गेला नि मी आपली तिथेच, म्हणून तुम्ही वैतागायचात माझ्यावर, कळत का नव्हतं मला? पण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी— मला एक क्रियापद द्या, एक काळ द्या, माझं भागेल. मला करायचंय काय? सुनेला तिच्या भाषेत सांगायचं, हा लहानपणी कसा होता. कल्पना त्याचीच. म्हणाला, मी घरी आल्यावर तुम्हा दोघींच्या मध्ये दुभाष्या म्हणून बसणार नाही, मी झोपणार, तुझं तू सांग— असा तो.

भोंगा म्हणायचो आम्ही त्याला. शाळेतून आला की मशीनशेजारी या चिंध्यांच्या ढिगावर बसायचा, मी शिवायचे नि तो गायचा. सूर? सुराचं नाव काढू नका. गिऱ्हाइकं म्हणायची, ब्लाउज उद्या नेऊ, पण याला आवरा. जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, तिथे तुझ्यावर ताण करणारं कुणीतरी भेटेल. दे निन्यो कांताबा मुचो— लहानपणी खूप गायचा. बरोबर ना? मान हलवू नका, तोंडानं हो म्हणा. तो कधी येणार? तो ना, तिच्या मागोमाग येणार होता, जहाज लागलं की लगेच—

काय झालं? आरशातून अशा काय बघताय? "येणार होता" म्हटलं मी? म्हटलं असेन.

परवा फोन आला. जहाजाच्या कंपनीतला माणूस, तसा नरम बोलत होता बिचारा. कागदांवर अजून माझाच नंबर— लग्न झालं तरी बदलला नाही पठ्ठ्यानं, आळशी. वाफेचा पाइप फुटला म्हणे. बाकीचे भाजले, वाचले. हा नाही वाचला. मग विचारतो कसा, त्यांच्या पत्नीला आम्ही कळवू की तुम्ही कळवाल? मी म्हटलं, मी कळवते. निघून गेलं तोंडातून. परक्या माणसाकडून कशाला कळावं पोरीला, असं वाटलं. आणि तेव्हापासून दातखीळ बसलीय माझी. ती निघालीये हो! बसमधून फोटो, विमानतळावरून फोटो, बॅगेवर पाय टाकून हसतेय. आणि मी? मी अंगठा पाठवते. दुसरं काय करू, त्या गर्दीत एकटीला सांगू? आपण बोललं की फोन तिच्या भाषेत बोलतो, माहीत आहे मला. पण हे काय फोनमधल्या बाईनं सांगायचं? मी त्याची आई आहे.

म्हणून ठरवलं होतं— ती आली की आधी हा ड्रेस घालायला लावायचा. टाचण्या लावलेलं माणूस धावत नाही, कोसळत नाही, इतक्या वर्षांत बघितलंय मी, जागच्या जागी उभं राहतं. मी खाली बसून घेर दुमडत असेन, म्हणजे तोंड वर करायला नको. आणि सांगत सुटायचं. गायचा, गायचा, गायचा. कधी सुरू झालं नि कधी संपलं ते हा काळ सांगत नाही, तुम्हीच म्हणालात ना? किती बरं वाटलं होतं ऐकून! नुसतं गायचा, गायचा म्हणत राहायचं, की केव्हातरी तिचं तिलाच... कळेल ना हो तिला?

नाही?

लहानपणच्या गमती सांगतेय असंच वाटेल? हो. हसेल मग ती. हसली की अंग हलेल, आणि टाचण्या टोचतील. असं कसं सुचलं मला, सांगा. आपल्या सुनेला टाचण्यांत उभं करणार होते मी.

रडू नका बाई, पिवळ्यावर पाण्याचाही डाग पडतो. आधी उजवा हात काढा, जपून, आता डावा. नको, उद्या तुम्ही येऊ नका. तुम्ही बोलायला लागलात की मी तुमच्या आड लपेन, मी ओळखते मला. तिला तिथे बसवीन, त्या खुर्चीवर, आणि समोर मी बसेन. ड्रेस राहू दे असाच.

बाई— जायच्या आधी तो शब्द सांगून जा. पुढच्या धड्यातला, एकदाच घडून संपतं त्या काळातला. मी शिकायची राहिले तो. लिहू नका, हळू सांगा.

पुन्हा एकदा.

हं. जा आता तुम्ही. दार ओढून घ्या.