राहुकाळात घातलेलं कुलूप

आम्ही कुंभकोणमचेच. वाडवडील मराठे राजांच्या काळात इकडे आले म्हणून सांगतात, काय घेऊन आले, काय टाकून आले, कोणास ठाऊक, शिल्लक राहिली ती ही बोली. ती तुम्हाला जुनाट वाटेल, माझ्या जावयालाही वाटते, ते पुण्याचे. माझं नाव रुक्मिणीबाई. तिरुभुवनम्‌हून रेशमी साड्या येतात, त्यांच्या पदराला मी गोंडे बांधून देतें, डोळे थकले पण बोटं चालतात. यजमान देवाघरी गेले. एकच लेक, शांता, ती लग्न होऊन बंगळुरास.

तर गाड्यांचं पुसता ना, सांगतें. आमची गल्ली केवढी, दोन बैलगाड्या समोर आल्या तर एकीने मागे सरावं एवढी. तीत नवग्रहांची देवळं करायला निघालेल्या लोकांच्या मोटारी. पहाटे दारी कोलम् काढायला जावं, तुमची रांगोळी हो, तर तेथे चाक. एकदा एका व्हॅनमधल्या लोकांनी माझ्या ओट्यावर बसून चिंचेचा भात खाल्ला, पाणी मागितलं, दिलं, लोणचं आहे का म्हणून पुसलं, तेंही दिलं, आणि व्हॅन दाराला चिकटवून ते गेले देवळाला, संध्याकाळपर्यंत मी आत आणि दूधवाला बाहेर.

तेव्हा मला राग आला. मीच अर्ज लिहविला, मीच घरोघर जाऊन सह्या घेतल्या, पहिली सही माझी. फलक लागला. विषम तारखेस आमच्या बाजूला गाड्या, सम तारखेस समोरच्या, सकाळी आठाला बाजू बदलायची, नाही बदलली तर पोलीस चाकाला लोखंडी कुलूप घालणार. मी त्या फलकाला हळदकुंकू लावलं, खोटं नाही सांगत.

आणि आली शांताची लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई गाडी घेऊन रविवारी पहाटे आले, तेलाचं न्हाण झालं, नवे कपडे झाले, आणि सोमवारी सकाळी निघतो म्हणून सांगितलं, ऑफिस आहे. एक रात्र! आठ महिन्यांनी आलेली लेक, तिच्याशी पोटभर बोलणंही झालं नव्हतं. पण राहा म्हणून सांगायची माझी छाती होईना, जावई रुसले तर पुढच्या सणाला लेक दिसायची नाही, हीच भीती.

सोमवारी पावणेआठाला ते किल्ली घेऊन उठले. मी म्हटलं, माप्पिळ्ळै, आम्ही जावयाला असंच म्हणतों, सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, निघूं नये. ते म्हणाले, बरं आई, पण फलक आहे, पुण्यातही असाच असतो, गाडी निदान पलीकडे लावतो, सहाच हात आहे. मी म्हटलं, सहा हात असो की सहाशे मैल, चाक फिरलं की प्रवास सुरू झाला, बसा, इडली खा. ते बसले. गल्लीत दुसऱ्या कोणीही गाडी हलवली नाही. सोमवारी त्या वेळेस कोण हलवील?

सव्वाआठाला पोलीस आला आणि पाच गाड्यांना कुलूप घातलं, पहिलं आमच्या. मी पिठाचे हात घेऊन धावलें. म्हटलं, राहुकाळात कुलूप घालतोस? तो म्हणाला, ड्यूटीला राहुकाळ नाही अम्मा. मी म्हटलं, हा कसला अन्याय, कोणी केला हा नियम? त्याने अर्जाचा कागद काढून दाखवला, पहिली सही माझी. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि आत गेलें.

जावयांनी दंड भरला. ओरडले असते तर बरं होतं. शांता माझ्याकडे पाहीना. झालं, आता हे पुन्हा येत नाहीत, असं मला वाटलं. नऊनंतर पोलीस किल्ली घेऊन आला, चार कुलपं उघडली, आमचं उघडेना. न्हाण्याचं उरलेलं तीळतेल घातलं, तरी नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, राहुकाळात लागलेलं, सुटेल कसं? पोलिसानेही मान डोलावली. कुलूपवाला दिवाळीला गावी गेलेला, बुधवारी यायचा.

काय सांगू तुम्हाला, बाहेरून तोंड पाडून बसलें होतें, आतून मला आनंद मावेना. शांता दुपारभर माझ्या मांडीवर निजली. जावई पहिल्या दिवशी फोनवरच, मंगळवारी माझ्याजवळ येऊन बसले, हे गोंडे कसे बांधता म्हणून पुसलं. तीन गोंडे बांधले, तिन्ही वाकडे. मी ते सोडून पुन्हा बांधले, त्यांना कळूं दिलं नाही.

बुधवारी कुलूप कापलं तेव्हा साडेअकरा झाले होते. मी मन घट्ट करून म्हटलं, बाराला राहुकाळ लागतो, अजून अर्धा तास आहे, निघा. जावयांनी घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, अर्ध्या तासात कसलं निघणं होतं आई, जेवूनच जाऊं. गाडी मात्र आधी पलीकडे लावली.

आता सणाला येतात, दोन रात्री राहतात. फलक आहे तेथेच आहे, लोक मला शिव्या घालतात, घालूं द्या. तो पोलीस मला पाहिलं की अजून रस्ता बदलतो. त्याचं लग्न व्हायचं आहे म्हणे. त्याला चांगली सासू मिळो.