शेवगा आड येत नव्हता

काय सांगू तुम्हाला, आमचं घर म्हणजे एकलहऱ्याच्या वाटेला पत्र्याच्या दोन खोल्या, अण्णा म्हणजे माझे वडील ठेकेदाराकडं मजुरीला, आणि आई दारातल्या शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधून नाशिकरोडच्या बाजारात बसायची. एकच झाड, पण लय धरायचं. माझी वह्या-पुस्तकं त्या शेंगांची, हे मी लाजत नाही सांगायला. मी अकरावीला असताना अण्णांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, मजुरी बंद. मग घर त्या झाडावर आणि आईच्या धुण्याभांड्यांवर.

अण्णा दिवसभर पडून, म्हणून मामानं टीव्ही दिला आणि पत्र्यावर छत्री, म्हणजे डिश, बसवली. छोटी छत्री बरं का. मी लहान असताना केबलवाल्याच्या गच्चीवर खोलीएवढी जाळीची छत्री होती, कारण उपग्रहाकडून सिग्नल फार अशक्त यायचा, तो गोळा करायला तेवढी जागा लागायची. पुढं उपग्रह ताकदीचे झाले, लहरी आखूड झाल्या, चित्र आकड्यांत दाबून पाठवायला लागले, एका चॅनलच्या जागेत कितीतरी मावायला लागले आणि छत्री परातीएवढी झाली. पण आखूड लहरींचं एक दुखणं आहे, जोराचा पाऊस त्यांना वाटेतच पिऊन टाकतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

अण्णांना हत्ती आवडायचे. प्राण्यांच्या चॅनलवर हत्ती आले की डाव्या हातानं मला खुणावायचे, ये, ये. पावसाळा लागला आणि चित्र जायला लागलं. अण्णा रडायचे, आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. मी बारावी सायन्सला, घरात माझ्याएवढं शिकलेलं कुणी नाही. पत्र्यावर चढले, छत्रीच्या तोंडासमोर बघितलं तर शेवग्याचा शेंडा. खाली उतरून आईला म्हटलं, झाड आड येतंय, तोडावं लागेल. आई म्हणाली, नक्की का गं? मी म्हटलं, मी सायन्स शिकते, तुला काय कळतं त्यातलं. असंच म्हटलं, शब्द बदलून सांगत नाही. शेजारचे काका कुऱ्हाड घेऊन आले. शेवग्याचं लाकूड मऊ, चहा उकळेपर्यंत झाड आडवं.

आणि नशीब बघा, त्याच दिवशी पाऊस उघडला, आठ दिवस चित्र लख्ख. काका म्हणाले, पोरगी इंजिनेर हाय तुमची. मी गल्लीभर मिरवले. मग श्रावणात पाऊस आला आणि चित्र परत गेलं. मी म्हटलं, वायर ओली झाली असेल. वर आईला बजावलं, बुंध्याला कोंब फुटतायत ते वाढू देऊ नकोस, पुन्हा आड येईल. आई दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या हातानं कोंब मोडायची. दोन वर्षं मोडले तिनं. मग बुंधा वाळला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अण्णा गेले.

पदवी झाली, छत्र्या बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर आकृती काढली. उपग्रह विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वीबरोबर फिरतो म्हणून एका जागी थांबल्यासारखा वाटतो, तेवढं मला येत होतं. पुढं सर म्हणाले, ही छोटी छत्री फसवते, तोंड समोर दिसतं पण नजर त्याच्या बरीच वर असते. मी वहीत आमचं घर काढलं, झाड काढलं, कोन मांडला. सिग्नल शेवग्याच्या शेंड्याच्या कितीतरी वरून येत होता.

घरी गेले. आई मेथी निवडत होती. म्हटलं, आई, शेवगा आड येत नव्हता. ती म्हणाली, म्हाईत हाय. उन्हाळ्यातबी झाड तेवढंच व्हतं की, तवा हत्ती दिसायचे. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू शिकलेली, मला वाटलं तुला काही जास्तीचं दिसत आसंल.

आता तंत्र लय सुधारलंय, भुरभुर पावसात चित्र हलत नाही, चुकलेले आकडे टीव्हीजवळचा सेट-टॉप डबा स्वतः जुळवून घेतो. लोक तर आता इंटरनेटवरच बघतात, जुन्या छत्र्यांत पाखरं पाणी पितात. मी नवीन फिटर लोकांना शिकवते. आधी कोन मोजा, मगच झाडाला बोट दाखवा, हे पहिल्या दिवशी सांगते, का ते सांगत नाही. आईला घेऊन दुसऱ्या मजल्यावर राहते, तिथं अंगण नाही. शेंगा विकत आणतो. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.एस्सी. फिजिक्स.