चवीपुरतं

विमला : शहात्तरच! आई, सव्वा महिना झाला, वजनाचा काटा तिथेच चिकटून बसलाय.

सासू : भिंतीक हात लावू नको. परत उभी ऱ्हव बघू.

विमला : तिसऱ्यांदा उभी राहिले. बहात्तर झाल्याशिवाय माझी किडनी घेणार नाहीत म्हणाले डॉक्टर. तुमचा लेक आठवड्याला तीनदा डायलिसिसला जातोय आणि मी चार किलोंसाठी अडलेय.

सासू : पयले सात किलो गेले मां?

विमला : ते गेले झटकन. आता वाट लागलीय. भात बंद, साखर बंद, रोज पोयसरपर्यंत चालून येते. अजून काय बंद करू?

सासू : जीभ.

विमला : सकाळी सकाळी टोमणे नकोत हां, आई.

सासू : टोमणो नाय गो. काल ओट्याकडे बसान बघी होतंय. चाळीस डब्यांचा जेवण केलंस. आमटी तळहातार घेऊन चाटलंस. मीठ घातलंस, परत चाटलंस. उसळ, कोशिंबीर, सोलकढी. कोळंबीचो रस्सो तर चार वेळा. संध्याकाळी परत सगळा तसाच.

विमला : मग? चव न बघता डबे पाठवू? उद्या कोण घेईल?

सासू : डाएटच्या वहीत लिहितंस ता?

विमला : ते काय खाणं आहे? चवीपुरतं घेते.

सासू : तू जितक्या वेळा चाखलंस, तितके चमचे पाणी मी ह्या वाटीत घातलंय. बघ.

विमला : अगं बाई! काठोकाठ?

सासू : ही दुसरी. पयली भरान ओतलंय.

विमला : रोज दोन वाट्या, तेही खोबऱ्याच्या वाटणाच्या... पण मग चव बघायची कोणी? पोरगी कॉलेजला. ह्यांना मीठ बंद.

सासू : मी आसंय मां.

विमला : तुम्ही? वीस वर्षांत माझ्या हातचं एकदा तरी चांगलं म्हणालात? नेहमी नाक मुरडूनच ताट सरकवलंत.

सासू : झील माझो, आणि किडनी तुझी जातली. माझी देऊक गेलंय, तर म्हणाले वय झाला. माका निदान जीभ तरी देऊक दी.

विमला : ...घ्या. हा चमचा धरा.

(तीन आठवड्यांनंतर. तोच ओटा.)

विमला : आई! चौऱ्याहत्तर पॉइंट चार! हलला एकदाचा!

सासू : हळू बोल, जयवंत डायलिसिस करून आताच निजलो हा. माका ठावक होता, हलतलो.

विमला : अजून अडीच किलो. जमेल ना हो?

सासू : जमतला. आण ती आमटी.

विमला : मीठ?

सासू : बरोबर हा.

विमला : रस्सा?

सासू : तो पण.

विमला : रोज आपलं 'बरोबर हा'. मला वाईट वाटू नये म्हणून तर म्हणत नाही ना?

सासू : डबो एक तरी परत इलो? वीस वर्षां बरोबरच असता तुझा.

विमला : मग एकदा तरी बोलायचं होतंत, आई.

सासू : तू सोताच चाखी होतंस. माका वाटला, तुका कळत असतला.