वाम गिळणारा बगळा

नाही, कापलेलाच फोटो छापा — मूळ फाईल कशाला हवी तुम्हाला? पुस्तकात पक्षी दिसला म्हणजे झालं. बसा ना, उभे का? त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, इकडे पलंगावर बसा. आणि जरा हळू बोलू — पलीकडे स्वयंपाकघरात मेव्हणी आहे. बायकोची धाकटी बहीण. चार वर्षं झाली, आमच्याकडेच असते. कुठे जाणार बिचारी.

तर हा बगळा. बरोबर ओळखलंत, चोचीत वाम आहे — सापासारखी मासळी, हातभर लांब, आणि बघा, मानेला कसं वेटोळं घातलंय तिनं. लोकांना वाटतं, बगळा मासा पकडतो, गिळतो, संपलं. वाम तशी जात नाही. ती आवळते, मग तो तिला चिखलावर आपटतो, पाण्यात बुचकळतो, परत उचलतो — डोकं आधी आत गेलं पाहिजे, नाहीतर घशात अडकायची. हे सगळं सलग कोणी टिपलंय? मी टिपलंय. अकरा मिनिटं, चारशे बारा फोटो. एकटा नव्हतो, साडू होता बरोबर — हिचाच नवरा. त्याला पक्ष्यांचं काही नव्हतं हो, पोस्टात होता, सुट्टीच्या दिवशी घरात करमत नाही म्हणून माझ्यामागे यायचा. मी कापडाच्या आडोशात बसायचो आणि तो तळ्यात उतरून जाळ्यानं मासे उथळाकडे हाकायचा — मासे आले की बगळा आलाच. मांडीपर्यंतचे रबरी बूट माझे — हो, मीच दिलेले, त्याला जरा मोठेच व्हायचे. त्या दिवशी जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं. तो सोडवायला पुढे खोलात गेला, आणि इकडे बगळ्यानं वाम धरली.

मला काही ऐकू आलं नाही. वारा होता. पोलिसांना तेच सांगितलं, हिलाही तेच — आणि वारा होताच, खोटं नाही ते. पहिल्यांदा त्याने हाक मारली तेव्हा मला वाटलं, विचारतोय — झालं का, येऊ का बाहेर. मी आतून हात हलवला, थांब म्हणून. कापडाआडून त्याला कुठून दिसणार? दुसऱ्यांदा म्हणाला, साडूभाऊ, हात द्या. — असं बघू नका हो. मी उठलो असतो तर बगळा उडाला असता. आठ हिवाळे काढलेत मी त्या चिखलात. आणि तो पोहणारा माणूस, पाणी ते केवढं — मला काय ठाऊक, बुटांत पाणी भरलं की पाय उचलत नाही, खाली गाळ. म्हटलं, एकदा गिळू दे, मग उठतो. वामेचं शेपूट आत गेलं, बगळ्याची मान खालीवर झाली, मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला — आणि तळं नुसतं सपाट.

घ्या, बघा, एवढं आलात तर. ही मूळ फ्रेम. डाव्या कोपऱ्यात, धूसर आहे. छापणारा म्हणाला, साहेब, हा ओंडका पुसून टाकू? मी म्हटलं, पुसू नको, काप. पुसणं काही — बरं वाटलं नाही. इथे हात वर आहे. इथे नुसते केस. इथे नाही. आणि हा एक फोटो हललाय बघा, चारशे बारांत हा एकच. दुसऱ्या हाकेला बोट हललं माझं. पुढचे सगळे स्वच्छ आहेत. काढून टाकायला कितीदा बसलो, होत नाही. ही रोज भिंतीवरच्या या बगळ्याच्या फोटोची धूळ पुसते, म्हणते, भाऊजी, हे असते तर किती हरखले असते. मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणू?

चहा तरी घ्या, टाकलाय तिनं, मघाशी कपांचा आवाज — कधीचा थांबला तो?

अगं, तू. दारात काय उभी? ट्रे दे इकडे, हातावर सांडतोय. भाजेल. हे पुस्तकवाले, त्यांना जरा बगळ्याचं — बाजूला हो, जाऊ दे त्यांना. अहो, तुम्ही निघा. निघा म्हणतो ना. दार ओढून घ्या.