साकव आणि जर्मन खासदार

अरे, मस्कतला ड्रायव्हर असलो म्हणून काय, खासदार भेटला की कोकणी माणूस गाऱ्हाणं घालणारच! गेल्या वर्षी एका जर्मन साहेबांना अल खौदच्या युनिव्हर्सिटीत सोडत होतो. म्हणाले, “आधी कायद्याचा प्रोफेसर होतो, आता खासदार आहे.” झालं! गावच्या ओढ्यावरच्या मोडक्या साकवाची सगळी कथा मी त्यांना ऐकवली.

“पण कायद्याने तो माझ्या अखत्यारीत येत नाही!”

“आमचे खासदारही हेच म्हणतात, सर.”

साहेब पोट धरून हसले, उतरताना माझ्यासोबत फोटो काढला. मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. पोरांनी लगेच नाक्यावर बॅनर लावला: ‘साकवाच्या प्रश्नात लक्ष घातल्याबद्दल जर्मनीच्या खासदारांचे जाहीर आभार!’

चौथ्या दिवशी आमचे खासदार जेसीबी घेऊन ओढ्यावर हजर. सरपंचांना बाजूला घेऊन विचारतात, “हा जर्मन इथून उभा राहतोय की काय?”