सगळं बरं आहे, असं सांगणाऱ्या घरांसाठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, नाशिकच्या उद्योगजगतातून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील माझे सहकारी, समोर बसलेले पालक, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट आहे ते स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचे माझे विद्यार्थी,

निरोपाच्या दिवशी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, असा नोकरी-मार्गदर्शन विभागाची प्रमुख म्हणून माझा रिवाज आहे. तर त्या आधी सांगून टाकते. पहिल्या महिन्यात कमी बोला. समजलं नसेल तर त्याच दिवशी विचारा, कारण महिन्याने विचारायची लाज वाटते. साहेबांच्या चुका कॅन्टीनमध्ये मोजू नका. आणि ड्रॉइंगवर सही करण्यापूर्वी ते वाचा. मागून तनय म्हणतोय, "मॅडम, हे पाठ आहे." असणारच, चार वर्षं मीच ऐकवलंय.

आज मात्र मला वेगळं काही सांगायचं आहे, आणि ते तुमच्या पुस्तकात नाही.

मागच्या वर्षी याच सभागृहात, खिडकीजवळच्या रांगेत निकिता बसली होती. हरसूल गावची. तिच्या घरात पदवी घेणारी ती पहिलीच. हैदराबादच्या एका कंपनीत तिची निवड झाली, तेव्हा तिची आई सगुणाबाई मला भेटायला आल्या होत्या. पिशवीत नागलीचं पीठ होतं. म्हणाल्या, "बाई, पोरगी लय लांब चालली. तिथं कोनाला काय इचारायचं आसतं ते तिला शिकवा." मी शिकवलं. म्हणजे मघाशी सांगितलं ते.

पुढचं मी निकिताच्या परवानगीने सांगते आहे. ती आज आली आहे, पाठीमागे बसली आहे. कृपा करून कोणी वळून पाहू नका.

नवीन नोकरीतला सुरुवातीचा काळ परीक्षेचा असतो, त्यात सुट्टी मागायची नसते, ही समजूत आपल्या मुलांमध्ये कुठून आली, मला ठाऊक नाही. घरच्यांमध्ये तर ती जास्तच घट्ट आहे. सगुणाबाईंना कावीळ झाली आणि ती वाढत गेली. त्यांनी नवऱ्याला, गेणूभाऊंना, देवाची शपथ घातली. पोरीला सांगायचं नाही, तिची नोकरी पक्की होऊ द्या. फोन आला की गेणूभाऊ म्हणायचे, "सगळं बरं हाय." आणि निकिताही तिकडून तेच सांगायची. तिला तिथलं जेवण पचत नव्हतं, खोलीतल्या मुली तिच्याशी बोलत नव्हत्या, कामात चुका होत होत्या. तरी सगळं बरं आहे. दोन्हीकडून इतकं बरं चाललेलं घर तुम्ही पाहिलंय का हो?

एक दिवस तिने विचारलं, "आई कुठंय?" गेणूभाऊ म्हणाले, "बाजाराला गेली."

त्या दिवशी हरसूलला बाजाराचा वार नव्हता.

निकिताला ते तेव्हाच कळलं होतं. मला सांगताना ती म्हणाली, "मॅडम, मी परत विचारलं असतं तर ते खोटं बोलू शकले नसते. म्हणून मी विचारलं नाही." एवढ्याशा पोरीने हे ओझं कसं पेललं असेल, याचा विचार करू लागले की मला वर्गात पुढचं सुचत नाही.

मग एका सकाळी वडिलांचा फोन आला. फक्त, "ये आता." ती भीत भीत साहेबांसमोर गेली. ते म्हणाले, "आई आजारी आहे आणि आज सांगतेस? नीघ लगेच. कामाचं आम्ही बघू." ज्या सुट्टीच्या भीतीने दोन्हीकडची माणसं इतके दिवस खोटं बोलत राहिली, ती सुट्टी मागताक्षणी मिळाली.

ती पोचली तेव्हा अंगणात गाव जमलं होतं.

सूत्रसंचालन करणारी आभा खुणावते आहे, वेळ संपत आली. दोनच मिनिटं.

विधी आटोपल्यावर मी हरसूलला गेले. बापलेक बोलत होते. निकिता म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. तुम्हाला एकटं ठेवून जाणार नाही."

"येडी का काय? मी बरा हाय. आईनं याच्यासाठीच लपवलं व्हतं ना?"

"लपवलं म्हणूनच सोडतेय, तात्या. तुम्ही बरे आहात हे मला कळणार कसं?"

गेणूभाऊ बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "रातच्याला लय सुनं वाटतं. घास उतरत नाय." पुढे तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तरी तू जा. पन रोज इचार. आन मी बरा हाय म्हनलो, तर परत इचार."

माझ्याकडे तुम्हाला द्यायला याहून मोठा सल्ला नाही. तुमच्या वरिष्ठांना अडचण सांगा, तीही माणसंच असतात. घरच्यांना सांगा, ते तुमच्या कल्पनेपेक्षा खंबीर असतात. आणि बरं आहे असं उत्तर आलं, तर तिथे फोन ठेवू नका.

निकिता आज संध्याकाळी इथल्या द्वारका चौकातून बसने परत हैदराबादला, कामावर निघते आहे. मघाशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर तिने फोन लावला. "तात्या, कसे आहात?" उत्तर आलं, "बरा हाय." ती म्हणाली, "तात्या." मग ते म्हणाले, "भात करपला. पानी किती घालायचं, ते तुझ्या आईला ठावं व्हतं." तिने डोळे पुसले आणि पाणी किती घालायचं ते सांगू लागली. मी दार ओढून बाहेर आले.

मला इथे उभं राहू दिलंत, आनंदाच्या दिवशी माझं हे जड बोलणं ऐकून घेतलंत, याबद्दल अध्यक्षांची, पाहुण्यांची आणि तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर तो दोष माझा समजून पदरात घ्यावा. मुलांनो, सांभाळून जा.